उवांवर टी ट्री, नीलगिरी, लवंगेचं तेल : यातलं नक्की काय काम करतं?

सावनी_ऐरोली | ७ जुलै, रात्री १०:४२

शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि लेकीच्या डोक्यात उवा झाल्या. दुसरीत आहे, केस दाट आणि कमरेपर्यंत. मागच्या रविवारी न्हाऊ घालताना कानामागे हात लागला तर तिनं डोकं मागे ओढलं, "आई, तिथे नको, खाजतंय." ट्यूबलाइटखाली बसवून बट बाजूला केली तर मानेवर, केसांच्या अगदी मुळाशी लिखाच लिखा. तिळाहून बारीक, पिवळट, केसाला एका बाजूनं चिकटलेल्या. कोंडा फुंकर मारली तरी उडतो, या दोन नखांत धरून ओढल्याशिवाय हलत नाहीत.

पहिल्या दिवशी केमिस्टकडून पर्मेथ्रिन १ टक्का लोशन आणलं, दहा मिनिटं ठेवून धुतलं. तिसऱ्या दिवशी भांगातून जिवंत ऊ चालत गेली. मग वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर एकीनं लिहिलं की केमिकल कशाला, टी ट्री ऑइल (ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाच्या पानांचं तेल) लावा, नैसर्गिक आहे. पंधरा मिलीची बाटली मागवली. त्यावर लावायचं कसं ते नीट लिहिलेलं नव्हतं आणि मीही शोधलं नाही. कापसाच्या बोळ्यावर तसंच, काहीही न मिसळता घेतलं आणि मुळांना चोळलं. पाच मिनिटांत लेक रडायला लागली. धुतलं तोवर कानामागे आणि मानेवर लालबुंद चट्टे उठले होते. डॉक्टरांकडे जावं लागलं, चार दिवस मलम लावलं. माझ्या हातानं झालं हे मला अजून सहन होत नाहीये.

आता चट्टे गेलेत, उवा आहेत. सासूबाई म्हणतात सीताफळाच्या बिया वाट. जाऊबाई म्हणतात खोबरेलात कापूर टाक. मला एकदा नीट समजून घ्यायचंय. टी ट्री, नीलगिरी, लवंग या तेलांत असा कोणता घटक आहे जो उवा मारतो? खरंच मारतो का? लिखांवर चालतो का? आणि सात वर्षांच्या मुलीच्या डोक्याला किती चालेल? कुणाला अनुभव असेल, अभ्यास असेल, तर कृपया सविस्तर लिहा.

---

पारसिकचा_वारा | ७ जुलै, रात्री ११:०५

सावनी, इतकं मनाला लावून घेऊ नकोस. आमच्या सोसायटीत या महिन्यात चार घरी हेच चाललंय, कुणी बोलत नाही एवढंच. वाचतेय.

---

गंधवेध | ८ जुलै, सकाळी ७:१८

सावनीताई, मी तुर्भ्याच्या एमआयडीसीत सुगंधी तेलांच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. उवांचा तज्ज्ञ नाही, पण ही तेलं रोज उघडून पाहण्यात आयुष्य गेलं, म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

तेल म्हणजे एक पदार्थ नव्हे. एका बाटलीत पन्नास-शंभर घटक असतात. टी ट्रीमधला मुख्य घटक टर्पिनेन-४-ऑल, चांगल्या तेलात तो ३५ ते ४८ टक्के असतो. नीलगिरीत १,८-सिनिओल, ज्याला आम्ही नुसतं सिनिओल म्हणतो. तो साठ टक्क्यांच्या वर असतो आणि सर्दीत नाक मोकळं करतो तोच हा. लवंगेत युजेनॉल, दाताच्या डॉक्टरांकडे येणारा वास त्याचाच. लव्हेंडरमध्ये लिनालूल. ओव्यात थायमॉल.

हे रेणू लहान, तेलकट आणि चटकन उडणारे. लहान आणि तेलकट असल्यामुळे उवेच्या मेणचट कवचातून आत झिरपतात. उडणारे असल्यामुळे वाफ होऊन तिच्या कुशीवरच्या श्वासछिद्रांतूनही शिरतात. आत गेल्यावर मज्जासंस्थेत गोंधळ घालतात. काही घटक मज्जातंतूंमधला निरोप थांबवणाऱ्या एन्झाइमला अडवतात, काही किड्यांमध्येच महत्त्वाच्या असलेल्या ऑक्टोपामिन नावाच्या संदेशवाहकाच्या जागा धरतात. ऊ आधी लुळी पडते, मग मरते. म्हणजे "मारतो का?" याचं उत्तर प्रयोगशाळेत तरी हो असंच आहे.

दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २००३-०४ च्या सुमारास लवंग आणि नीलगिरीच्या तेलांचे घटक सुटे करून उवांवर तपासले. लवंगेत युजेनॉल आणि नीलगिरीत सिनिओल जोरदार निघाले. इटलीत २०१२ साली टी ट्रीचं १ टक्का द्रावण वापरलं तेव्हा अर्ध्या तासात सगळ्या उवा मेल्या. पण लिखांवर टी ट्री कमी पडलं. तिथे नेरोलिडॉल नावाचा दुसरा वनस्पतिजन्य घटक पुढे होता. दोन्ही एकत्र केले, टी ट्री अर्धा टक्का आणि नेरोलिडॉल एक टक्का, तेव्हा उवाही मेल्या आणि अंडीही फुटली नाहीत.

आता तुमच्या चट्ट्यांबद्दल. प्रयोगात १ टक्का होतं, तुम्ही लावलं ते १०० टक्के. शिवाय बाटली जुनी किंवा उन्हात राहिलेली असेल तर टी ट्री हवेनं सडतं, म्हणजे त्याचं ऑक्सिडेशन होतं, आणि त्यातून तयार होणारे पदार्थ मूळ तेलापेक्षा कातडीला जास्त झोंबतात. लव्हेंडरमधल्या लिनालूलचंही तेच. आमच्याकडे ही तेलं गडद काचेच्या बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, थंड जागी ठेवायचो ते याचसाठी.

---

सावनी_ऐरोली | ८ जुलै, सकाळी ९:५०

काका, तुम्ही इतकं समजावून लिहिलंत, खूप आभार. मग १०० मिली खोबरेल तेलात १ मिली टी ट्री घातलं की तोच परिणाम मिळेल का? ते १ टक्काच झालं ना?

---

गंधवेध | ८ जुलै, सकाळी ११:३२

आकडा तोच, पण परिणाम तोच मिळेल असं नाही. हा मुद्दा फार कमी लोक लक्षात घेतात, म्हणून जरा लांबण लावतो.

बशीत कापूर उघडा ठेवला तर घरभर वास येतो. तोच कापूर तेलात विरघळवला तर वास मंद होतो. कापूर तिथेच आहे, पण तेलानं धरून ठेवलाय. सिनिओल, टर्पिनेन-४-ऑल यांचंही तसंच. त्यांना खोबरेल आवडतं, ते त्यातच रमतात, उवेच्या अंगात शिरायला किंवा वाफ व्हायला तितके मोकळे राहत नाहीत. अर्जेंटिनात सिनिओलच्या वाफेवर जे प्रयोग झाले ते बंद भांड्यात. उघड्या डोक्यावर, पंख्याखाली, वाफ पाच मिनिटंही टिकत नाही.

म्हणून तयार उत्पादनात घटकाइतकाच त्याचा आधार, म्हणजे तो कशात मिसळलाय, हे महत्त्वाचं. ते घरच्या वाटीत जमत नाही. घरी १ टक्का करून लावलंत तर कातडीला त्रास बहुधा होणार नाही, पण त्यानं उवा जातील असा भरवसा मी देणार नाही.

---

कुंदा_नौपाडा | ८ जुलै, दुपारी १:१५

आमच्या लहानपणी सासवडला सीताफळाच्या बिया वाळवून, दगडी खलात कुटून, खोबरेलात कालवून डोक्याला बांधायचे. वर जुनं धोतर घट्ट. सकाळी धुतलं की कापडावर उवा मरून पडलेल्या असायच्या. खोटं नाही सांगत, डोळ्यांनी बघितलंय. वेखंडाची पूडही चोळायचे. तेव्हा कुठे होतं टी ट्री.

---

निशिगंध७१ | ८ जुलै, दुपारी २:०४

कुंदाताई, तुमचा अनुभव खरा आहे. सीताफळाच्या बियांत कीटकांना मारणारी द्रव्यं असतात, त्याबद्दल वाद नाही. पण सावनी, कृपा करून हे करू नकोस.

माझ्या धाकट्या बहिणीला आईनं हाच लेप लावला होता. आम्ही तेव्हा कळव्याला राहायचो. धुताना पाणी कपाळावरून डोळ्यात उतरलं. रात्रभर ती डोळा उघडू शकली नाही. नुसती ओरडत होती, उशी ओली झाली होती. सकाळी नेत्रतज्ज्ञांनी तपासलं तर बुबुळावरचा पापुद्रा सोललेला. आठ दिवस पट्टी होती. डॉक्टर म्हणाले, बियांच्या पुडीनं असं झालेले रुग्ण ते दर हिवाळ्यात, सीताफळाच्या मोसमानंतर बघतात. बहिणीची नजर वाचली. आई मात्र पुढे कित्येक वर्षं सीताफळ घरात आणत नव्हती.

---

कुंदा_नौपाडा | ८ जुलै, दुपारी २:४०

अगं बाई. हे मला माहीत नव्हतं. आमचे डोळे धोतरानं बांधलेले असायचे, म्हणून वाचलो असू. सावनी, बिया नकोच मग.

---

त्वचा_आणि_केस | ८ जुलै, रात्री ९:२७

मी ठाण्यात त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते. पावसाळ्यात ओपीडीत रोज एक तरी आई मुलीला घेऊन येते आणि दार लावून घेतल्याशिवाय बोलत नाही. आधी तेच सांगते : उवा अस्वच्छतेनं होत नाहीत. रोज न्हाणाऱ्या डोक्यातही होतात. डोक्याला डोकं लागलं की चालत जातात, त्यांना उडी मारता येत नाही, पंख नाहीत. आणि डोक्यातल्या उवांमुळे कुठला आजार पसरत नाही. खाज, झोपमोड आणि खाजवून झालेल्या जखमा एवढाच त्रास.

सावनी, एक विचारते. लोशन लावलं त्या दिवशी केसांना तेल होतं का? आणि दुसऱ्यांदा लावलंस का?

---

सावनी_ऐरोली | ८ जुलै, रात्री ९:४१

डॉक्टर, हो. आदल्या रात्री भरपूर खोबरेल लावलं होतं आणि त्यावरच लोशन लावलं. दुसऱ्यांदा नाही लावलं. चाललं नाही म्हणून सोडून दिलं.

---

त्वचा_आणि_केस | ८ जुलै, रात्री १०:२०

मग औषधाला पूर्ण संधी मिळालेली नाही. पर्मेथ्रिन लावायच्या आधी केस साध्या शाम्पूनं धुवायचे. कंडिशनर नको. टॉवेलनं टिपून, केस ओलसर असताना लावायचं आणि दहा मिनिटांनी धुवायचं. तेलाचा किंवा कंडिशनरचा थर असेल तर औषध केसाला धरत नाही. त्यानंतर एक-दोन दिवस शाम्पू लावायचा नाही.

दुसरी गोष्ट लिखांची. उवेची मादी दिवसाला आठपर्यंत अंडी घालते आणि ती आठ-नऊ दिवसांत फुटतात. पहिल्या चारेक दिवसांत आतल्या जिवाला मज्जासंस्थाच तयार झालेली नसते. पर्मेथ्रिन, आणि गंधवेध काकांनी लिहिलेली तेलंही, मज्जासंस्थेवर काम करतात. ज्याच्यावर घाव घालायचा तेच अजून तयार नाही, तर अंडं मरणार कसं? म्हणून नवव्या दिवशी पुन्हा लावायचं. मधल्या काळात फुटलेली पिल्लं तेव्हा सापडतात.

पर्मेथ्रिन पूर्वीइतकं चालत नाही हेही खरं. हे औषध मज्जातंतूंच्या सोडियमच्या दारावर काम करतं. जगात बऱ्याच ठिकाणी उवांमध्ये त्या दाराची घडणच बदलली आहे. म्हणून सगळं नीट करूनही उवा राहिल्या तर तेच औषध तिसऱ्यांदा, चौथ्यांदा लावत बसू नका, डॉक्टरांना भेटा. आणखी औषधं आहेत. डायमेथिकोनसारखं सिलिकॉनचं द्रव आहे, ते विष नाही, उवेची श्वासछिद्रं बुजवून तिला मारतं.

"केमिकल नको, नैसर्गिक हवं" हे मी रोज ऐकते. पर्मेथ्रिनचा मूळ नमुना शेवंतीच्या जातभाईच्या फुलांतून मिळणारं पायरेथ्रम आहे. फूल असो की बाटली, उवेला मारणारा रेणू मुलाच्या कातडीलाही भेटतोच. किती, कशात मिसळून आणि किती वेळ, एवढंच विचारायचं.

---

घोडबंदरकर | ९ जुलै, सकाळी ८:०२

आम्ही गेल्या वर्षी घाबरून पेस्ट कंट्रोल करून घेतलं. अडीच हजार गेले, घरभर वास, दोन दिवस भावाकडे कासारवडवलीला राहिलो. परत आलो तेव्हा उवा मुलीच्या डोक्यात आमच्याबरोबरच परत आल्या.

---

त्वचा_आणि_केस | ९ जुलै, सकाळी ८:३०

डोक्यावरून खाली पडलेली ऊ रक्ताविना एक-दोन दिवसांत मरते. उशीचे अभ्रे, टॉवेल, फणी, रिबिनी कडक पाण्यात धुवा, एवढं पुरे. घर फवारायची गरज नाही.

---

लोकलवाली_कोपरखैरणे | ९ जुलै, सकाळी ९:१२

डॉक्टर, ट्रान्स-हार्बरच्या लेडीज डब्यात चौथ्या सीटवर दाटीवाटीनं बसतो. तिथून लागते का? मला दोनदा झाल्या आणि घरात लहान मूल नाही.

---

त्वचा_आणि_केस | ९ जुलै, दुपारी १:४८

डोकी एकमेकांना टेकली तर लागू शकते. झोप लागून शेजारणीच्या खांद्यावर मान पडते तेव्हा. सकाळी केस बांधून, अंबाडा घालून जा. उभं राहून प्रवास करताना फारसा धोका नाही.

---

खारघरचा_बाबा | ९ जुलै, रात्री ११:१९

मला औषधाबद्दल काही कळत नाही. मी जे केलं ते लिहितो. बायकोची रात्रपाळी असते, त्यामुळे लेकीचं डोकं माझ्याकडे.

आम्ही शेवटी फणीवर आलो. तेलबिल सगळं करून झालं होतं. कुणीतरी सांगितलं की उवांना पाण्यात बुडवून काही होत नाही, त्या तासन् तास तग धरतात, पण ओल्या, कंडिशनर लावलेल्या केसांत त्यांना पळता येत नाही. मग लेकीला मोरीजवळ स्टुलावर बसवलं, खांद्यावर पांढरा पंचा. धुतलेल्या केसांना मूठभर कंडिशनर लावला. आधी मोठ्या दातांच्या कंगव्यानं गुंता काढला. मग बोटाएवढी एकेक बट धरून, फणी टाळूला टेकवून, मुळापासून टोकापर्यंत एका दमात खाली. प्रत्येक वेळी फणी पंच्याला पुसायची.

पहिल्या पाच बटांत काही नाही. सहाव्या बटेला, डाव्या कानामागे, पंच्यावर कंडिशनरच्या पांढऱ्या रेघेत एक तपकिरी ठिपका. मी वाकून बघितलं तर तो पाय हलवत होता. सहा पाय, टोकाशी आकडे, पोटात काळसर रेघ, ते माझ्या पोरीचं रक्त. मला एकदम भडभडून आलं. लेक म्हणाली, "बाबा, दाखव ना," आणि ती न घाबरता बघत बसली. त्या दिवशी एकोणीस निघाल्या. सव्वा तास लागला. ती मध्ये दोनदा उठून पाणी प्यायली.

प्लास्टिकची फणी वाकते, दात फाकतात. स्टीलची घ्या, दातांमध्ये लीख अडकेल इतकी बारीक फट हवी. आम्ही १, ५, ९, १३ आणि १७ या दिवशी हे केलं. अंड्यातून निघालेलं पिल्लू अंडी घालण्याएवढं मोठं व्हायला आठवड्याहून जास्त लागतो. दर चार दिवसांनी विंचरलं की ते मोठं होण्याआधीच फणीत येतं. नवव्या दिवशी दोन निघाल्या, अगदी बारीक, नखाच्या टोकाएवढ्या. तेराव्या आणि सतराव्या दिवशी काही नाही.

---

मंजिरी_ठा | ९ जुलै, रात्री ११:५१

+१. बाबा, तुम्ही लिहिलेलं वाचून डोळ्यांत पाणी आलं. वाचनखूण साठवली.

---

कापूरआरती | १० जुलै, सकाळी १०:०६

खोबरेलात भीमसेनी कापूर गरम करून लावायचा, रात्रभर ठेवायचा, एका रात्रीत उवा साफ. आमच्या ग्रुपवर व्हिडिओ आहे, हजारो लोकांनी बघितलाय. कापूर देवाला चालतो, तर डोक्याला का नाही चालणार?

---

त्वचा_आणि_केस | १० जुलै, सकाळी १०:३५

कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येतात, आणि त्यासाठी फार कापूर लागत नाही. एक-दोन ग्रॅमही घातक ठरू शकतो. वाटीत उरलेलं तेल दोन वर्षांचं भावंड चाटतं. झोपेत मूल तेलकट बोटं तोंडात घालतं. नीलगिरीचं तेल गिळलं तरी झटके येतात. मी दोन्ही प्रकारची मुलं आयसीयूत पाहिली आहेत. दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या डोक्याला यातलं काहीही लावू नका आणि या बाटल्या औषधांच्या कपाटात, कुलपात ठेवा. रॉकेलबद्दल कुणी लिहायच्या आत सांगते, त्यानं भाजलेल्या मुली पाहिल्यात. नको.

---

कापूरआरती | १० जुलै, सकाळी ११:२०

हे माहीत नव्हतं. घरात दीड वर्षाचा नातू आहे. वाटी आत्ता ओतून दिली आणि व्हिडिओ ग्रुपवरून काढायला सांगितलाय.

---

ओढणी_बारीक | १० जुलै, दुपारी ४:१४

गंधवेध काका, प्रयोगशाळेचं कळलं. पण खऱ्या मुलांच्या डोक्यावर चाचणी झालीय का कुठे?

---

गंधवेध | १० जुलै, संध्याकाळी ६:५५

झाली आहे. ऑस्ट्रेलियातल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. टी ट्री १० टक्के आणि लव्हेंडर १ टक्का असलेलं तयार उत्पादन, दर आठवड्याला एकदा असं तीनदा लावलं. शेवटच्या वेळेनंतर दुसऱ्या दिवशी ४२ पैकी ४१ जणांची डोकी साफ. त्याच चाचणीत उवांना गुदमरवणाऱ्या उत्पादनाचा निकाल जवळजवळ तसाच आला, ४१ पैकी ४०. पायरेथ्रिनच्या, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या त्या पायरेथ्रममधल्या द्रव्याच्या, उत्पादनानं मात्र ४० पैकी १० जणच साफ झाले. इंग्लंडमध्येही २०१० च्या सुमारास खोबरेल आणि विलायती बडीशेपेच्या तेलाचा फवारा पर्मेथ्रिनशी लावून पाहिला. पन्नास-पन्नास जण होते. फवाऱ्यानं ४१ जण बरे झाले, पर्मेथ्रिननं २१.

आकडे चांगले आहेत आणि मला ते वाचून आनंदच झाला, आयुष्यभर ज्या घटकांवर काम केलं ते कामाला आले म्हणून. पण त्यातलं "तयार उत्पादन" आणि "तीनदा" हे दोन शब्द सोडू नका. १० टक्के बघून कुणी घरी १० टक्के कालवायला घेऊ नये. आणि गुदमरवणारं उत्पादन टी ट्रीच्या बरोबरीला आलं याचा अर्थ असा की वासाच्या रेणूंशिवायही हे काम होतं.

---

शाळेतली_बाई | १० जुलै, रात्री ९:०३

मी वागळे इस्टेटजवळच्या शाळेत शिकवते. या धाग्यावर पंधरा मिलीच्या चारशे रुपयांच्या बाटलीबद्दल बोलणं चाललंय, म्हणून लिहिते.

माझ्या वर्गात ३८ मुली. जुलैत निम्म्यांच्या डोक्यात उवा असतात. त्यांच्या आया सकाळी सहाला कामावर जातात, दोन-तीन घरची धुणीभांडी करून रात्री येतात. पूर्वी शाळेत पद्धत होती की उवा दिसल्या की मुलीला घरी पाठवायचं. घरी पाठवलेली मुलगी आठ दिवस येत नाही, आली की तिच्याशेजारी कुणी बसत नाही. गेल्या वर्षी एकीचे केस बापानं रागाच्या भरात मुळापासून कापले. ती ओढणी डोक्यावर घेऊन बसायची, कवितेला उभी राहीना.

मी घरी पाठवणं बंद केलं. दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघी शिक्षिका मागच्या व्हरांड्यात बसतो. मुलींच्या घरून आलेलं खोबरेलच चोपडतो, आणि जांभळी नाक्यावरून आणलेल्या वीस-वीस रुपयांच्या फण्या, प्रत्येकीची वेगळी, नाव लिहून डब्यात ठेवलेली. तेल लावलं की उवा मंदावतात, फणीत येतात. मोठ्या मुली लहानींचं विंचरतात. दर तीन-चार दिवसांनी. नारळाच्या तेलात कुठला रेणू आहे मला ठाऊक नाही, पण दिवाळीपर्यंत वर्ग बऱ्यापैकी मोकळा होतो. त्या कवितेवाल्या मुलीच्या आता दोन वेण्या आहेत, लाल रिबिनीच्या.

---

खारघरचा_बाबा | १० जुलै, रात्री ९:३०

बाई, तुमच्या वर्गासाठी स्टीलच्या ४० फण्या मी पाठवतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. नाही म्हणू नका.

---

पारसिकचा_वारा | १० जुलै, रात्री ९:४४

कंडिशनर माझ्याकडून.

---

सावनी_ऐरोली | ११ जुलै, रात्री १०:१०

तुम्हा सगळ्यांचं वाचून काल मनावरचं ओझं उतरलं. आज पहिला दिवस धरला. डॉक्टरांना व्यनितून विचारलं. मानेची कातडी पूर्ण बरी होईपर्यंत औषध नको, नुसतं कंडिशनर आणि फणी, असं त्यांनी सांगितलं. आमच्या पंच्यावर २३ निघाल्या. लेकीनं वहीत तारीख घालून आकडा लिहिलाय. घरातल्या सगळ्यांची डोकी बघितली, माझ्याही डोक्यात तीन होत्या. माझं सासूबाईंनी विंचरलं, आणि विंचरताना त्यांना त्यांची आई आठवली, ती ओसरीवर बसून असंच विंचरायची म्हणाल्या.

---

त्वचा_आणि_केस | ११ जुलै, रात्री १०:४८

छान. एक सांगून ठेवते, नंतर घाबरू नकोस. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात आणि मादी अंडं टाळूलगत घालते. त्यामुळे टाळूपासून सेंटिमीटरभर लांब दिसणाऱ्या लिखा म्हणजे बहुतेक रिकामी टरफलं असतात. त्या दिसल्या म्हणून पुन्हा औषध लावायचं नाही. जिवंत, चालणारी ऊ दिसली तरच.

---

सावनी_ऐरोली | २७ जुलै, रात्री ९:३३

आज सतरावा दिवस. वहीतले आकडे : २३, ९, ४, ०. आज पंच्यावर नुसता कंडिशनर. लेकीनं दोनदा तपासून घेतलं, मग स्वतःच शून्य काढलं आणि त्याला डोळे-तोंड काढून हसवलं.

वर्गाच्या ग्रुपवर मी स्वतः लिहिलं की माझ्या मुलीच्या डोक्यात उवा होत्या आणि आम्ही काय केलं. लिहिताना हात थरथरत होते. दहा मिनिटांत सहा आयांचे स्वतंत्र मेसेज आले, "आमच्याकडेही आहेत." शनिवारी आमच्या गच्चीवर सगळ्यांनी मिळून विंचरायचं ठरलंय. टी ट्रीची उरलेली बाटली वरच्या कपाटात आहे. काका, ती कुठे टाकू? नाल्यात ओतलेली चालते का?

---

गंधवेध | २७ जुलै, रात्री १०:०१

नाल्यात नको, माशांना विषारी असतं. झाकण घट्ट लावून, कागदात गुंडाळून, घातक कचऱ्याच्या वेगळ्या पिशवीत द्या. आणि लेकीच्या वहीतल्या त्या हसऱ्या शून्याचा फोटो टाका इथे.